कुंडीतला चामेडोरिया : जोपासनेतील धोके

दक्षिण मेक्सिको, बेलीझ आणि ग्वाटेमाला येथील पर्जन्यवनांत उंच वृक्षांच्या सावलीत वाढणारा ‘चामेडोरिया एलेगन्स’ हा लहान पाम घरात सहज रुळतो, हे खरे आहे; मात्र बागेतील इतर झाडांना मानवणारे उपचार त्याच्यावर केल्यास तो हमखास दगावतो, असा तो जोपासणाऱ्यांचा अनुभव आहे.

पहिली फसगत खरेदीतच होते. हा पाम एकखोडी आहे, म्हणजे एका बीपासून एकच खोड वाढते व बुंध्याशी फुटवे येत नाहीत. परंतु कुंडी भरगच्च दिसावी म्हणून रोपवाटिकेत अनेक रोपे दाटीने एकत्र लावलेली असतात. घेणारा त्यांना एकच झुडूप समजतो, कर्दळीसारखे त्याचे भाग करतो आणि एकमेकांत गुंतलेली नाजूक मुळे तुटून बहुतेक रोपे सुकतात. म्हणून मुळांनी कुंडी पुरती भरल्याखेरीज ती बदलू नये, आणि बदलताना मुळांभोवतीची मातीची हुंडी फोडू नये.

त्याहून गंभीर चूक छाटणीची. पाम एकदल वनस्पती असल्याने त्याच्या खोडात ऊतककर, म्हणजे खोड जाड करणारा पेशींचा थर, नसतो; त्यामुळे खोडाची जखम भरून येत नाही. वाढीचा सारा भार शेंड्यावरील एकाच अग्रकलिकेवर असतो, आणि जास्वंदीप्रमाणे शेंडा खुडला की ते खोड कायमचे संपते. ग्वाटेमालातील पेतेन प्रदेशात पुष्परचनेसाठी या वंशातील पामांची पाने तोडली जातात, तीही जाणते तोडणारे शेंडा व काही पाने राखूनच तोडतात. पिवळे पडू लागलेले जुने पानसुद्धा घाईने कापू नये. त्यातील पोटॅशियम नव्या पानाकडे जात असते.

पाणी मातीचा वरचा थर कोरडा झाल्यावरच द्यावे आणि ताटलीत साचू देऊ नये, अन्यथा मुळे कुजतात. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने पानांची टोके करपतात. तेथे पावसाचे पाणी साठवून वापरणे उत्तम. थेट उन्हाने पाने भाजतात, पण सावलीचे झाड म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्यास वाढ खुंटते. खिडकीजवळचा पडद्याआडचा उजेड त्याला पुरतो. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात पानांखाली बारीक जाळी दिसली, तर ती लाल कोळी या किडीची समजावी आणि पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावीत.