दोन गाड्यांतून एक

तरुणांच्या वर्गासाठी पाठ

हा पाठ बाकांवर बसून घेण्यापेक्षा एखाद्या अंगणात घ्यावा. साहित्य म्हणून जुनी मोटरसायकल मिळाली तर उत्तम; न मिळाल्यास ओळखीच्या मिस्त्रीला वर्गात बोलवावे. मुले त्याचे जितके लक्ष देऊन ऐकतात तितके आपले ऐकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आदिलाबादला आमच्या पडवीत वडिलांची १९७१ ची जावा कित्येक वर्षे उभी होती. जैनद, बेला आणि पैनगंगेपलीकडे पांढरकवड्यापर्यंत त्यांनी ती फिरवली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होत. पुढे त्यांचेच नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. ही दोन्ही नावे अलीकडे नव्या गाड्यांवर परत आली आहेत, परंतु त्यांचे इंजिन वेगळ्या जातीचे, त्याचे भाग जुन्या गाडीला लागत नाहीत. काही भाग बाजारात नव्याने बनवून मिळतात. उरलेल्यांसाठी दुसरी जुनी गाडीच मोडावी लागते.

तशी एक येझदी पांढरकवड्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मिळाली. त्यांनी विचारले, "चालू होईल ना?" मी म्हणालो, "होईल." माझ्या मनात वडिलांची गाडी होती, त्यांच्या मनात त्यांची. हे मला कळत होते, तरी मी गप्प राहिलो. त्यांनी किंमत कमी केली.

आता कामाविषयी. पाना हाती घेण्यापूर्वीच कोणती गाडी राखायची व कोणती मोडायची हे ठरवावे. मग काढलेला प्रत्येक भाग डब्यात घालून चिठ्ठी लावावी. मुख्य नियम असा की, जे भाग एकमेकांशी घासून झिजले आहेत त्यांची ताटातूट करू नये. एका गाडीचा पिस्टन दुसरीच्या सिलिंडरात घालू नये. साखळी घेतली तर तिच्यासोबत दोन्ही दातेरी चक्रेही घ्यावीत, नाहीतर नवे दात लवकर खाल्ले जातात. आमचे सिलिंडर पूर्वीच बोअर करून करून शेवटच्या मापाला आले होते, म्हणून येझदीचे सिलिंडर व पिस्टन जोडीनेच घेतले, आणि क्रँकही.

रबराचे भाग मात्र जुन्या गाडीतून कधीही घेऊ नयेत. थोडे पैसे वाचवण्यासाठी मी येझदीचीच ऑइल सील बसवली. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या कोठीत येते व तेथे दाबले जाऊन वर चढते, म्हणून ती कोठी हवाबंद असावी लागते. सील फाटके असले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. जैनदच्या रस्त्यावर पहिल्याच फेरीत पिस्टन जाम झाला. गाडी ढकलत आणली.

वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न: या गाडीची कीक कोठे आहे? सगळे उजवीकडे शोधतात. डावीकडचा गिअरचा दांडाच आत दाबून वर वळवला की त्याची कीक होते.

एका मिस्त्रीने सुचवले, येझदीची कागदपत्रे चांगली आहेत, तिचाच नंबर आपल्या चासीवर ठोकून देतो. असे पुष्कळ ठिकाणी चालते. तो सरळ गुन्हा आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. आम्ही नंबर कोरलेली आमचीच चासी आणि इंजिनाचे कवचही आमचेच ठेवले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. परंतु चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही.

मोडलेल्या गाडीचेही एक कर्तव्य उरते, ते बहुतेक जण विसरतात. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणीपत्र परत करावयाचे असते. नोंदणी अजून त्या शेतकऱ्याच्याच नावावर होती. म्हणजे अर्जावर सही त्यांचीच हवी, आणि सही मागायची तर खरे सांगणे आले.

मी गेलो व सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "मंग तिचं काहीच फिरत नाही का?" मी म्हणालो, "तिचा क्रँक आमच्या गाडीत फिरतो." त्यांनी सही केली आणि म्हणाले, "एकदा इकडं आणा. आवाज आयकू द्या."

नवी सील घालून गाडी सुरू झाल्यावर आम्ही तेथे नेली. ते गोठ्यापाशी उभे राहून ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "पॉइंटची फट जास्त हाय." घरी येऊन पत्तीने मोजली. ती सुमारे ०.४ मिलिमीटर हवी. आमची खरोखरच जास्त होती.