गुहेत राहणारा पैसा किडा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या विहिरीच्या पायऱ्यांवर पैसा किडा निघतो. काडी लावली की तो पैशासारखा गोल होतो. काही ठिकाणी त्याला वाणी म्हणतात. एकदा माझ्या धाकट्या भावाने तो उचलला. आज्जी ओरडली, "टाक ते, गोम हाय, चावंल!" मी चपलेने चिरडून टाकला. गुरुजींना सांगितले तर ते म्हणाले, "आधी पाय बघायचे होतेस." म्हणून मी ही माहिती लिहीत आहे.

गोमेच्या प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी असते. ती चावते व तिला विष असते. पैशाच्या बहुतेक वलयांना दोन दोन जोड्या असतात. तो चावत नाही. पण घाण वासाचा रस सोडतो, म्हणून हात धुवावेत. तो कुजका पाला खातो. कधी कोवळी रोपेही कुरतडतो, हे आबांचे म्हणणे खरे आहे.

जगात पैशाच्या १२,००० पेक्षा जास्त जाती आहेत. त्यांचे काही प्रकार असे :
१) नळीसारखे गोल. आमच्या विहिरीवरचा हाच.
२) चपट्या पाठीचे.
३) गोळीसारखे गुंडाळणारे.
४) बारीक व केसाळ.

यातल्या काही जाती गुहेत राहतात. काही आतही राहतात व बाहेरही. काही मात्र कधीच बाहेर येत नाहीत. त्या पांढुरक्या असतात, पुष्कळांना डोळे नसतात. अंधारात डोळे काय कामाचे? पाण्याबरोबर वाहून आलेला पाला व वटवाघळांची लीद हे त्यांचे अन्न.

वेरूळ-अजिंठ्याची लेणी माणसांनी कोरली. आपला काळा दगड पाण्यात विरघळत नाही. चुनखडी हळूहळू विरघळते, म्हणून मेघालयात मोठ्या गुहा झाल्या. तेथील सिजू गुहेत १९२२ साली शास्त्रज्ञांनी प्राणी गोळा केले. त्यात पैसा किडाही होता. ऑस्ट्रेलियात खनिजासाठी पाडलेल्या बोअरमध्ये सुमारे २०० फूट खोल एक आंधळा पैसा सापडला. २०२१ साली त्याची माहिती छापून आली. त्याला १,३०६ पाय होते! एवढे पाय दुसऱ्या कोणत्याच प्राण्याला नाहीत.

पैशाला पंख नाहीत. गुहेतला पैसा उन्हात जगत नाही, मग दुसऱ्या गुहेत जाणार कसा? म्हणून काही जाती साऱ्या जगात एकाच गुहेत असतात. चुनखडीपासून सिमेंट करतात. त्यासाठी तो डोंगर फोडला तर ती जात कायमची संपते.

मी चिरडला त्याचे भाऊबंद आमच्या विहिरीवर पुष्कळ आहेत. गुहेतल्याचे कुठेच नसतात.

आता मी पाय मोजते. काल नव्वदपर्यंत मोजले, तेवढ्यात तो गोल झाला. आज्जी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, उद्या मोज."

(इयत्ता चौथी)