'बेटर' आणि आपले 'बरे'

गुड, बेटर, बेस्ट हे कोष्टक आपण शाळेत तालावर पाठ केले. त्यातला 'बेटर' मुळी 'गुड'पासून झालेलाच नाही, त्याचे मूळ निराळे, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. 'बेटर'मध्ये तुलना आधीच आहे, म्हणून 'मोअर बेटर' चूक. 'सुपीरिअर' व 'प्रेफरेबल' यांच्यापुढे 'दॅन' नव्हे, 'टू' येतो.

मराठीत तुलनेचे काम 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय करते. विशेषण जसेच्या तसे राहते. 'बेटर'च्या सर्वांत जवळचा आपला शब्द मला 'बरा' वाटतो. 'उपाशी निजण्यापेक्षा शिळी भाकर बरी' येथे तो 'प्रेफरेबल' होतो. 'ताप उतरला, आता बरा आहे' येथे आजाऱ्याचा 'बेटर'.

या साम्यानेच माझा घात केला. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांना मी म्हणालो, "सर, यू हॅड बेटर टेक अॅन एक्स्ट्रा पिरियड." आपण जादा तास घेतलात तर बरे होईल, एवढेच मनात होते. सर गप्प झाले, वर्ग हसला. घरी विचारावे असे इंग्रजी जाणणारे कोणी नाही. पुढे ग्रंथालयात व्याकरण चाळताना कळले, की 'हॅड बेटर'मध्ये 'हॅड' असूनही भूतकाळ नाही, आणि तो नुसता सल्लाही नाही. न ऐकल्यास परिणाम वाईट, अशी ताकीद त्यात दडलेली असते. वडीलधाऱ्यांपुढे तो उद्धटपणा ठरतो. तेथे 'कुड यू प्लीज' म्हणावे.

ते वाक्य मी घोकून ठेवले आहे. त्या सरांपुढे म्हणायचे अजून राहिले आहे.