नव्या लॅपटॉपचा सेटअप अ‍ॅप्सपाशी अडकतो

प्रश्न : आमच्याकडे नवे लॅपटॉप विंडोज ऑटोपायलट आणि इंट्यूनमधून तयार होतात. अनिवार्य अ‍ॅप्सच्या टप्प्यावर सेटअप रेंगाळतो आणि तासाभराने एरर येते. वेळ वाढवावी का?

उत्तर : सेटअपची प्रगती दाखवणाऱ्या एनरोलमेंट स्टेटस पेजची मूळ मुदत 60 मिनिटांची असते. ती वाढवता येते, पण आधी सेटअप रोखणाऱ्या अ‍ॅप्सची यादी कमी करा. सगळी अनिवार्य अ‍ॅप्स बसेपर्यंत लॅपटॉप रोखून धरू नका. या पेजच्या सेटिंगमध्ये निवडक अ‍ॅप्सच ठेवा : सुरक्षा सॉफ्टवेअर, व्हीपीएन आणि पहिल्या तासात लागेल तेवढेच. बाकीची अनिवार्यच राहू द्या. माणूस कामाला लागल्यावर ती मागाहून बसतील. नव्या सहकाऱ्याचा पहिला दिवस प्रगतीची टक्केवारी बघण्यात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मग अ‍ॅपचा प्रकार पाहा. थेट चढवलेली एमएसआय आणि विन32 अ‍ॅप्स एकाच वेळी बसू लागली, तर दोन्ही ट्रस्टेड इन्स्टॉलरवर हक्क सांगतात आणि इन्स्टॉलेशन फसते. एमएसआयसुद्धा विन32 म्हणूनच पॅक करा. डिटेक्शन रूलही तपासा. तो चुकला, तर नीट बसलेले अ‍ॅपही अयशस्वी ठरते. नेमके कुठे अडले, ते इंट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शनच्या लॉगमध्ये सापडेल.