गाडीत बसून पिक्चर : ड्राइव्ह-इन थिएटरचं गणित

ड्राइव्ह-इन थिएटर म्हणजे मोकळं मैदान, भला मोठा पडदा आणि गाडीच्या काचेतून दिसणारा पिक्चर. ही कल्पना कशी जन्मली आणि बहुतेक ठिकाणी का बंद पडली, याची उत्तरं आपल्याच अभ्यासात सापडतात.

उताराची युक्ती

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंग्सहेडने घरच्या अंगणातच प्रयोग केले. बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर बांधली. पावसात काय दिसेल हे बघायला गाडीवर पाण्याचा फवारा सोडला. खरी अडचण होती समोरच्या गाडीच्या टपाची. पुढची चाकं थोडी उंच राहतील असे उतार ओळीने करून त्याने ती सोडवली. १६ मे १९३३ ला पेटंट मिळालं आणि ६ जूनला कॅम्डेनमध्ये पहिला खेळ झाला.

आवाजाची भानगड

सुरुवातीला भोंगे पडद्याजवळच होते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे १०० मीटरवरच्या गाडीत संवाद ०.३ सेकंद उशिरा पोचणार. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ओठ सात फ्रेम पुढे! शिवाय शेजाऱ्यांची झोपमोड. १९४० च्या दशकात प्रत्येक गाडीसाठी वेगळा छोटा स्पीकर आला. पुढे एफएम आलं, आणि आवाज गाडीच्या रेडिओतूनच ऐकू येऊ लागला.

मग बंद का पडली?

१९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटर्स होती. आता तीनशेच्या आसपास उरलीत. टीव्ही आला हे कारण आहेच, पण मोठं कारण जागेचं. ढोबळ हिशोब करू. एका गाडीला वाटेसकट २५ चौ. मीटर जागा, आत चार माणसं. म्हणजे माणशी ६ चौ. मीटरपेक्षा जास्त. बंद टॉकीजमध्ये माणशी एखादा चौ. मीटर पुरतो. त्यात खेळ फक्त अंधारात. दिवसभर जमीन रिकामीच.

आपल्याकडे अहमदाबादला १९७३ मध्ये 'सनसेट' सुरू झालं, ६६५ गाड्यांचं. तिथे गाडी नसलेल्यांनाही बसायची सोय ठेवली. मुंबईत वांद्रे पूर्वचं जुनं ड्राइव्ह-इन मात्र २००० नंतर बंद झालं. त्याच बीकेसी परिसरात नोव्हेंबर २०२१ मध्ये नवं सुरू झालं, तेही मॉलच्या गच्चीवर, २९० गाड्यांसाठी. खाली दुकानं, वर पडदा. महागड्या जमिनीवर टिकायचं तर एकाच जागेचा दोनदा उपयोग करावा लागतो, हाच यातला धडा.

आणि नागपूर?

आपल्या उन्हाळ्यात रात्रीसुद्धा एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागेल. पेट्रोल जळेल आणि धूरही होईल. पावसाळ्याचे चार महिने बेभरवशाचे. पण हिवाळा आपल्या बाजूने आहे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ६ अंशांवर असल्याने इथे सूर्य साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात साडेसहापर्यंत चांगला अंधार पडतो, म्हणजे रात्री दोन खेळ सहज बसतात.

तेव्हा कायमचं थिएटर बांधण्यापेक्षा दिवसा पार्किंग असलेल्या जागेवर फक्त थंडीपुरता पडदा लावणं हे जास्त व्यवहार्य वाटतं. सिव्हिलवाल्यांनी उतार काढावा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ट्रान्समीटर बघावा (त्याला सरकारी परवाना लागतो, बरं का!) आणि मेकॅनिकलवाल्यांनी वारा सोसणारा पडद्याचा सांगाडा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय ना? करा विचार!