दगडाचा रेटा आणि उल्मचा मनोरा

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो १८७८ साली पुरा झाला. त्याची उंची सुमारे ८५ मीटर. आता याच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा दगडी मनोरा डोळ्यांपुढे आणा! असा मनोरा जर्मनीत डॅन्यूब नदीच्या काठी उल्म या शहरात आहे. तेथील मिन्स्टर नावाच्या चर्चचा हा मनोरा १६१.५३ मीटर उंच असून १८९० पासून २०२५ पर्यंत ते जगातील सर्वांत उंच चर्च होते. आपला राजाबाई मनोरा आणि हे चर्च, दोन्ही गॉथिक शैलीचीच. पण उल्मच्या चर्चचा पहिला दगड बसला तो १३७७ साली. म्हणजे ते पुरे व्हायला तब्बल ५१३ वर्षे लागली. एवढा वेळ का लागला? त्या उत्तरात इतिहास आहे तसे पदार्थविज्ञानही आहे.

गावकऱ्यांचे चर्च

उल्मचे जुने चर्च शहराच्या तटाबाहेर होते. १३७६ साली सम्राट चौथा चार्ल्स याने शहराला वेढा घातला आणि लोकांना आपल्याच चर्चमध्ये जाता येईना. तेव्हा नागरिकांनी तटाच्या आत नवे चर्च बांधायचे ठरविले. हा खर्च ना राजाने केला, ना बिशपने. तो नागरिकांनीच उचलला. शहराची वस्ती त्या वेळी फार तर दहा हजार होती. चर्च मात्र एवढे मोठे योजले, की सगळे शहर आत उभे राहिले तरी जागा उरावी!

दगडाचा स्वभाव

दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याला मुळीच सोसत नाही. लांब दगडी तुळई दोन खांबांवर ठेवली, तर तिच्या खालच्या बाजूला ताण पडतो आणि ती मधोमध तडकते. म्हणून मोठे अंतर झाकायचे, तर कमान हवी. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो. सगळीकडे दाबच दाब! पण या सोयीची किंमत मोजावी लागते. कमान आपल्या दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूला रेटते.

हे स्वतः करून पहा. टेबलावर दोन पुस्तके थोड्या अंतरावर ठेवा. एक पोस्टकार्ड वाकवून, त्याच्या कडा पुस्तकांना टेकतील अशी कमान करा. आता कमानीच्या माथ्यावर बोटाने हळूच दाब द्या. पुस्तके बाहेर सरकतील आणि कमान बसेल. आता प्रत्येक पुस्तकावर आणखी तीन-चार जाड पुस्तके ठेवून तोच प्रयोग करा. कमान टिकते. वजन वाढल्याने घर्षण वाढले आणि पुस्तके जागची हलली नाहीत.

गॉथिक गवंड्यांनी हा रेटा तीन युक्त्यांनी आवरला. पहिली युक्ती टोकदार कमानीची. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच असते. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच करता येते, आणि कमान जितकी उभट, तितका तिचा रेटा कमी. दुसरी युक्ती छताला दगडी फासळ्या देण्याची. त्यामुळे छताचा भार ठराविक खांबांवर उतरतो आणि मधल्या भिंतीत मोठमोठ्या खिडक्या ठेवता येतात. तिसरी युक्ती म्हणजे बाहेरून दिलेले कमानदार धिरे. यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. उंच भिंतीवर आलेला रेटा ते बाहेरच्या जड खांबांकडे नेतात आणि तेथून तो जमिनीत उतरतो. प्रयोगातील जाड पुस्तकांचे काम येथे हे खांब करतात.

दगड निखळू लागले

१३९२ साली काम उलरिख एन्झिंगर या स्थपतीकडे आले. पश्चिम बाजूला एकच प्रचंड मनोरा उभारावा, ही त्याची कल्पना. १४०५ साली चर्चमध्ये उपासना सुरू झाली, पण मनोरा पिढ्यान्‌पिढ्या वर चढतच राहिला. पुढे मॅथेउस बोब्लिंगर याने आणखी उंच मनोऱ्याचा आराखडा केला. आणि १४९२-९३ च्या सुमारास, उपासना चालू असताना, मनोऱ्याखालच्या छतातून दगड निखळून पडले! भिंतींना तडे गेले होते. पाया एवढ्या भाराला पुरत नव्हता. बोब्लिंगरला शहर सोडावे लागले.

नागरिकांपुढे प्रश्न होता: मनोरा उतरवायचा की वाचवायचा? ऑग्सबुर्गच्या बुर्कहार्ट एंगेलबर्गला पाचारण झाले. त्याने आधी खाली लक्ष दिले आणि पाया भक्कम केला. मग चर्चच्या दोन्ही बाजूंच्या रुंद दालनांत मधोमध सडपातळ खांबांची एकेक रांग उभी केली. एका रुंद कमानीच्या जागी दोन अरुंद कमानी आल्या आणि रेटा घटला. मनोरा वाचला. पण १५४३ साली, उंची सुमारे १०० मीटर झाली असता, काम थांबले ते तीनशे वर्षे!

१८४४ साली काम पुन्हा सुरू झाले. मधल्या उंच दालनाला बाहेरून कमानदार धिरे नव्हतेच. ते आधी बांधले, आणि मग मनोरा चढविला. १८७९ साली याच शहरात अल्बर्ट आइन्स्टाइन जन्मले, तेव्हाही मनोरा अपुराच होता. ३१ मे १८९० रोजी तो पुरा झाला. १७ डिसेंबर १९४४ च्या बाँबहल्ल्यात जुने उल्म बहुतांशी बेचिराख झाले. मिन्स्टर मात्र उभे राहिले.

एन्झिंगरच्या काळी बलांचे गणित कोणालाच ठाऊक नव्हते. अनुभव हाच गुरू होता आणि चुकीची शिक्षा जबर होती. आज अभियंता हीच आकडेमोड कागदावर आधी करतो. पण मूळ प्रश्न बदललेला नाही: माथ्यावरचा भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोचतो? तुमच्या गावातील जुना पूल, वेस किंवा वाड्याचा दरवाजा पाहाल, तेव्हा ही वाट बोटाने दाखविता येते का, ते पहा.