जाळीचे कडे

घरातले लेकरू कधी कधी रात्री दचकून उठते. रडते. आईला घट्ट धरते. "काय झालं रे?" असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. कुणी म्हणते, "दृष्ट लागली." कुणी म्हणते, "अंगारा लावा." कुणी रागावते, "गप झोप!" पण लेकराची भीती तशीच राहते.

भीती मोठ्यांनाही असते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी लोकांनी गणपती बोळवले होते. सगळे झोपेत होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या भागात धरणी हादरली. दगडमातीची घरे कोसळली. हजारो माणसे गेली. जी वाचली, त्यांतल्या कितीतरी जणांना पुढे घरात झोपायची भीती वाटे. मोठ्यांचे असे, तर लहानांचे काय!

लेकराची झोप सुखाची व्हावी म्हणून माणसे सगळीकडे काही ना काही करतात. आपण पाळण्यावर कापडाच्या चिमण्या आणि राघू टांगतो. दूर अमेरिकेत ओजिब्वे नावाचे आदिवासी लोक आहेत. ते पाळण्यावर लाकडी कडे टांगत. कड्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी विणत. कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकते, तसे हवेतले वाईट या जाळीत अडकते, असे ते मानत. फ्रान्सिस डेन्समोर या बाईंनी १९२९ साली आपल्या पुस्तकात ही रीत लिहून ठेवली. आज अशी कडी जगभर करतात.

सुतळीच्या जाळीत स्वप्न अडकत नाही. मग कडे करायचे कशाला? लेकराजवळ बसण्यासाठी. हात कामात गुंतले की तोंड मोकळे होते. मनातले बाहेर येते.

सामान

निरगुडीचा ओला फोक, दीड हात लांब. निरगुडी ओढ्याकाठी सहज मिळते. बारीक सुतळी किंवा जाड सूत, सहा हात. कोंबडीची गळालेली पिसे धुऊन वाळवून घ्या. चार चिंचोके किंवा लाकडी मणी घ्या. नांदेड भागात तांड्यावरच्या बंजारा बाया कवड्या लावून सुंदर भरतकाम करतात. तशी एखादी कवडी मिळाली तर कडे शोभून दिसेल.

कृती

१. फोक हळूहळू वाकवा. दोन्ही टोके चार बोटे एकमेकांवर घ्या. सुतळीने घट्ट बांधा. वीतभराहून थोडे लहान कडे होईल. ते दोन दिवस सावलीत वाळू द्या.

२. कोळशाने कड्यावर ८ खुणा करा. आधी समोरासमोर २. मग त्यांच्या मधोमध २. मग उरलेल्या ४ जागी ४. लेकराला मोजू द्या.

३. सूत एका काडीला गुंडाळा. त्याचे टोक पहिल्या खुणेवर बांधा. मग पुढच्या खुणेवर कड्याला एक वेढा द्या आणि सूत त्याच वेढ्यातून बाहेर काढा. असे आठही खुणांवर करा.

४. दुसऱ्या फेरीत वेढा कड्याला देऊ नका. पहिल्या फेरीच्या प्रत्येक सुताच्या मधोमध द्या. पुढच्या फेऱ्याही अशाच. जाळी आत आत येत जाते. सूत सैल नको. फार ओढूही नका, कडे वाकडे होते.

५. मध्ये रुपयाएवढे भोक राहिले की गाठ मारा. खाली पिसे आणि मणी बांधा.

जपून

गुंजा कधीही ओवू नका. लाल-काळी गुंज दिसते देखणी, पण चावून पोटात गेली तर विष होते. कडे लेकराचा हात पोचणार नाही असे उंच बांधा. लहान मूल मणी गिळते. लोंबता दोरा गळ्यात अडकतो.

विणताना

विणता विणता सहज विचारा, "काल सपनात काय दिसलं रं बाळा?" ते सांगू लागले की हसू नका. मध्येच बोलू नका. एखादे लेकरू म्हणेल, "शाळेच्या वाटेवर कुत्रं मागं लागतं." मग दुसऱ्या दिवशी त्या वाटेने सोबत जा. एखादे म्हणेल, "कुणीतरी मारतं." मग नीट चौकशी करा. जाळीने झाले नसते ते तुमच्या ऐकण्याने होते.

लेकरू रोज रात्री भ्याले, किंवा त्याला झटके आले, तर अंगाऱ्यात वेळ घालवू नका. आशाताईंना सांगा. दवाखान्यात न्या.

कडे एका दिवसात पुरे झाले नाही तरी चालेल. उद्या पुन्हा बसा. लेकरू वाट पाहील.

प्रश्न

१. ओजिब्वे लोक कडे कुठे टांगत?
२. कड्यावर किती खुणा करायच्या?
३. गुंजा का ओवू नयेत?
४. तुमच्या घरातले लेकरू कशाला भिते? त्याला विचारा. ते सांगेल ते दोन ओळींत लिहा.